छोट्या पेट्रोल इंजिनाचा कार्बोरेटर : सफाई आणि कारणमीमांसा



या मालेत आपण आजवर प्रमाण, अनुमान, कार्यकारणभाव असे विषय घेतले. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत उदाहरणं ठरलेली असतात. तोच डोंगर, तोच धूर, तोच स्वयंपाकघरातला विस्तव. आज उदाहरण अंगणातलं घेऊ. छोटं पेट्रोल इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन बंद पडतं. कोणीतरी म्हणतं, ‘कार्बेटरमध्ये कचरा आहे, खोला.’ हे विधान कशावरून केलं? ते खरं आहे का? आणि खरं असेल तर कचरा काढायचा कसा? या तीन प्रश्नांची उत्तरं आपण क्रमाने शोधणार आहोत. हातात पाना असेल तर उत्तम. नसेल तरी विचार कामाला येईल.

कन्हानच्या परिसरात हा विषय कोणालाच परका नाही. नदीच्या एका काठाला कन्हान-पिपरी, पलीकडे कामठी. मधून नागपूर-जबलपूर महामार्ग गेलेला, रामटेकचा रेल्वेफाटा इथूनच फुटतो. भोवती धानाच्या बांध्या, पऱ्हाटी, मिरची, भाजीपाला. नाल्यावरून पाणी उचलणारा इंजिन पंप, पाठीवरचा फवारणीचा पंप, गवत कापायचं यंत्र, मांडवातला जनरेटर, अजून चालणारी जुनी स्कूटर किंवा लुना. या सगळ्यांच्या पोटात कार्बोरेटर आहे. दुचाक्यांमध्ये १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. शेतातल्या छोट्या इंजिनांत मात्र तो अजून ठाण मांडून आहे.

आणि यात काही खरोखर पणाला लागलेलं असतं. रोवणीच्या दिवशी पंप बसला तर बांधीवर आलेली माणसं बसून राहतात, त्यांचा रोज बुडतो. फवारणीचा दिवस हुकला तर कीड आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून हा विषय फक्त यंत्र-आवड असणाऱ्यांचा नाही.

कार्बोरेटर नेमकं करतो काय?

पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो. पण द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची हवेत मिसळलेली वाफ जळते. हे मिश्रण ठरावीक प्रमाणातच नीट पेटतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आकडा कोरडा वाटतो, म्हणून तो ड्रमात मोजू. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. दोनशे लिटरचा एक ड्रम, असे पंचेचाळीस ड्रम हवा, एका लिटरमागे! ही भागीदारी सांभाळायचं काम कार्बोरेटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला पंचवीस वेळा ते असा घोट मागतं, आणि दर वेळी घोट बेताचा लागतो.

हे होतं कसं? पिस्टन खाली जाताना हवा आत ओढली जाते. वाटेत कार्बोरेटरचा गळा मुद्दाम अरुंद केलेला असतो. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. हे तत्त्व डॅनियल बर्नुलीच्या १७३८ सालच्या ग्रंथातून आलं, आणि अरुंद गळ्याला ज्याचं नाव मिळालं त्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये त्यावर लिहिलं. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी फवारा उडवणारा कार्बोरेटर घडवला. आपल्या पिढीने घरात डास मारायचा फ्लिटचा पंप पाहिला आहे. दांडा दाबला की नळीच्या तोंडावरून हवा जाते, डब्यातलं औषध वर येतं आणि तुषार होऊन उडतं. कार्बोरेटर म्हणजे तोच पंप, फक्त मोजमाप सांभाळणारा.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे. पेट्रोल ओढलं जातं असं आपण बोलतो, पण खरं पाहता ते ढकललं जातं. गळ्यात दाब कमी, खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब जास्त. म्हणून पेट्रोल वर चढतं. म्हणजे वाटीपर्यंत बाहेरची हवा पोचली पाहिजे. आणि टाकीतून वाटीत पेट्रोल उतरायचं, तर टाकीतही हवा शिरली पाहिजे. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं ते यासाठी.

वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वाढलं की तो वर येतो आणि सुईच्या टोकाने येण्याची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट उघडतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. वाटीतून पेट्रोल वर जातं ते दोन वाटांनी. इंजिनावर भार असताना मेन जेट, आणि मंद चालताना पायलट जेट. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधून आरपार भोक. लहान इंजिनात हे भोक एक मिलिमीटरच्याही आत असतं, आणि पायलटचं त्याहून कितीतरी बारीक. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं म्हणून ती सुरुवातीला लावतात.

तो चोंदतो का?

पेट्रोल हे एक द्रव्य नाही, अनेक द्रव्यांचं मिश्रण आहे. त्यातली हलकी द्रव्यं आधी उडून जातात. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर बनतो आणि वाळला की वार्निशसारखा घट्ट बसतो. फवारणीचा पंप हंगाम संपल्यावर टिनाच्या शेडमध्ये जातो, तो थेट पुढच्या पावसाळ्यात बाहेर येतो. मध्ये आपला उन्हाळा, पारा ४५ अंशांच्या आसपास. वाटीतलं वाटीभर पेट्रोल त्या उन्हात टिकेल कसं? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडालं की मागे तेलाची चिकटण उरते.

दुसरं कारण पाणी. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं सरासरी प्रमाण दहा टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर झालं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. तळाला काय असतं? टाकीचा कॉक, आणि पुढे कार्बोरेटरची वाटी. म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचा! शिवाय जुन्या इंजिनातले रबरी भाग अशा पेट्रोलसाठी बनवलेले नसतील तर ते फुगतात किंवा कडक होतात.

तिसरं कारण धूळ आणि गंज. आपल्याकडे कामठी, इंदर, गोंडेगावच्या खुल्या कोळसा खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, रेती आहे. ही धूळ एअर फिल्टरवर बसते, टाकी उघडताना आत पडते. जुनी पत्र्याची टाकी आतून गंजते ती वेगळीच.

पेट्रोलवर सुरू करून केरोसीनवर चालवायचे पंप ज्यांनी वापरले त्यांना चौथं कारणही माहीत असेल. इंजिन थांबवण्याआधी थोडा वेळ परत पेट्रोलवर चालवावं लागे. तसं न करता बंद केलं की कार्बोरेटरमध्ये केरोसीन राही, आणि सकाळी दोरी ओढून हात दुखला तरी इंजिन हूं की चूं करत नसे. कचरा शून्य, तरीही दोष कार्बोरेटरमध्येच. ‘बिघाड म्हणजे कचरा’ हे समीकरण किती घाईचं आहे, ते इथेच दिसतं.

पाना उचलण्याआधी

न्यायशास्त्रात अनुमानाचा आधार म्हणजे व्याप्ती. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा अखंड संबंध आधी पक्का हवा. आता आपलं वाक्य तपासा : जिथे जिथे इंजिन बंद, तिथे तिथे कार्बोरेटर चोंदलेला. हा संबंध अखंड आहे का? मुळीच नाही. इंजिन बंद पडायला पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब या चारांपैकी कोणतीही एक गोष्ट कमी पडली तरी पुरे. जो हेतू साध्य असतानाही दिसतो आणि नसतानाही दिसतो, त्याला नैयायिक हेत्वाभास म्हणतात. म्हणून खोलण्याआधी स्वस्तातले प्रश्न विचारून घ्यायचे.

टाकीत पेट्रोल आहे का, आणि ते किती जुनं आहे? कॉक उघडा आहे का? इंजिनात तेल पुरेसं आहे का? काही जनरेटर आणि पंपांत तेल कमी झालं की ठिणगीच बंद करणारी सोय असते. अशा वेळी कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी उपयोग नाही. एअर फिल्टर काढून पाहा. मातीने भरला असेल तर गुन्हेगार तिथेच सापडला.

मग प्लग. चोक लावून सहा-सात वेळा दोरी ओढा आणि प्लग काढून पाहा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतं आहे, आणि दोष बहुधा ठिणगीकडे, किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं आहे. एका प्लगने शंकेचं अर्धं रान साफ होतं.

इंजिन सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं चालतं, मरतं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, पुन्हा मरतं. हा प्रकार असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. सैल झाकणावर चालतं, घट्ट झाकणावर मरतं, पुन्हा सैल केलं की पुन्हा चालतं, असं झालं तर झाकणाचं छिद्र बुजलं आहे. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. यालाच आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात : ते असलं की हे असतं, ते नसलं की हे नसतं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये भेदाची पद्धत म्हणून मांडली ती साधारण हीच. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. झाकणही सैल केलं, प्लगही बदलला, पेट्रोलही नवं टाकलं आणि इंजिन सुरू झालं, तर आनंद मिळेल, ज्ञान मिळणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. फांदी कशाने मोडली ते कळणार नाही.

खोलायची वेळ आली तर

प्लग कोरडा आहे, टाकीत ताजं पेट्रोल आहे, झाकण ठीक आहे. आता कार्बोरेटरवर संशय घेणं रास्त आहे. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. काम उघड्यावर करा, आजूबाजूला चूल, बिडी, उदबत्ती काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकते आणि दूरच्या विस्तवापर्यंत जाते. प्लगची टोपी काढून बाजूला करा. कॉक बंद करा.

फवारणीचा पंप असेल तर आधी औषधाची टाकी रिकामी करून धुवा, यंत्र बाहेरून पुसा, हातमोजे घाला. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा : जेट तोंडात धरून फुंकायचा नाही. ही सवय फार जुनी आहे आणि फार वाईट आहे. पेट्रोल तर विषारी आहेच, त्यात फवारणीचं औषध मिसळलेलं असू शकतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. एक जुनं पांढरं ताट घ्या, निघालेले भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडा. जोडताना उलट क्रमाने या.

वाटीच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर आधी तो सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. फेकू नका, पाहा. तळाला वेगळा थेंब लोळतो आहे का? ते पाणी. तांबूस कण आहेत का? टाकी गंजली आहे. रंग गडद, वास आंबूस आहे का? पेट्रोल जुनं. काहीच नाही, फक्त चार थेंब आले का? मग पेट्रोल वाटीपर्यंतच येत नाही. कॉक, त्याची जाळी किंवा नळी पाहा. बाटलीतलं हे पेट्रोल म्हणजे पुरावा आहे, आणि पुष्कळ जण तोच सर्वांत आधी मातीत ओततात.

मग वाटीचा बोल्ट काढा. कित्येक इंजिनांत त्याला दहा नंबरचा पाना लागतो. वाटी हळू खाली ओढा, कडेचं रबर फाटू देऊ नका. फ्लोट एका बारीक पिनेवर झुलतो. पिन सरकवली की फ्लोट सुईसकट हातात येतो. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो तरंगणार नाही आणि वाटी सतत ओसंडेल. सुईचं टोक निरखा. त्यावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला.

मेन जेट मधल्या खांबात बसलेला असतो. त्याच्या खाचेत बरोबर बसेल असाच पेचकस घ्या. पितळ मऊ असतं, लहान पेचकसाने खाच उडते. जेटमागून लांब, बारीक छिद्रांची नळी निघते, तीही काढा. पायलट जेट काही मॉडेलांत प्लास्टिकचा असतो, वरून दाबून बसवलेला, त्याला जपून काढा. मंद चालीचा सेटिंग स्क्रू असेल तर काढण्याआधी आत फिरवत किती फेऱ्यांत तो हलकेच टेकतो ते मोजून लिहून ठेवा. दाबून आवळू नका, टोक चेपतं.

भोक मोकळं करायचं, मोठं नाही

आता जेट आकाशाकडे धरा आणि एका डोळ्याने पाहा. आरपार स्वच्छ गोल दिसला पाहिजे. गोल अर्धा दिसला, कडा खडबडीत दिसल्या, तर वार्निश बसलं आहे.

घरात रॉकेलचा स्टोव्ह होता तेव्हा पिन सगळ्यांकडे असायची. बर्नर फुसफुसला की पिन घातली, काम झालं. म्हणून हात आपोआप पिनेकडे जातो. पण ती पिन त्या भोकाच्या मापाची बनवलेली असे. कार्बोरेटरचा जेट म्हणजे माप आहे, भोकाचा व्यास हेच त्याचं सगळं काम. पोलादी पिनेने तो व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर भोकाचं क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. कायमचं! मग इंजिन काळा धूर सोडतं, प्लग काजळतो, पेट्रोल जास्त लागतं, आणि आपण म्हणतो, साफ केल्यापासून बिघडलं.

म्हणून क्रम असा : आधी कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण फवारा एका छिद्रातून शिरून दुसऱ्यातून थेट डोळ्यावर येतो. रबरी आणि प्लास्टिकचे भाग या द्रवात भिजवू नका, ते फुगतात. पितळी भाग थोडा वेळ भिजू द्या. नंतर विजेच्या लवचीक वायरीतली तांब्याची एकच तार घ्या आणि अलगद आरपार करा. तांबं पितळेहून मऊ, माप बिघडवत नाही. शेवटी कॉम्प्रेसरची हवा; पंक्चरच्या दुकानात मिळते. पेट्रोल ज्या दिशेने जातं त्याच्या उलट दिशेने हवा मारा, म्हणजे अडकलेला कण आला त्या वाटेने परत जातो. अंगातली छिद्रं विसरू नका. एका तोंडातून हवा मारली की ती दुसऱ्या तोंडातून आली पाहिजे. येत नसेल तर काम बाकी आहे. टाकी, कॉकची जाळी आणि एअर फिल्टर यांची सफाई याच बैठकीत करा. गंजक्या टाकीखाली स्वच्छ जेट बसवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गवत कापायच्या यंत्रासारखी जी यंत्रं वाकडीतिकडी धरून चालवतात, त्यांच्यात बहुधा वाटी आणि फ्लोट नसतो. तिथे पातळ लवचीक पडदा असतो. तो कडक झाला, सुरकुतला, तर धुऊन उपयोग नाही; पडद्यांचा संच बदलावा लागतो. त्याच्यावर क्लीनर मारू नये.

जोडल्यावर कान द्या

उलट क्रमाने जोडा. वाटीचं रबर खाचेत नीट बसवा, बोल्ट बेताने आवळा. कॉक उघडून दोन मिनिटं नुसतं पाहा. खालून थेंब पडू लागले तर सुई किंवा फ्लोट नीट बसलेला नाही. तसंच सुरू करू नका. सगळं कोरडं असेल तर सांडलेलं पेट्रोल उडून गेल्यावर प्लगची टोपी लावा आणि दोरी ओढा.

आता इंजिन बोलतं ते ऐका. चोक काढला की मरत असेल तर पेट्रोल अजून कमी पडतं आहे, जेट पुन्हा पाहा. भार नसताना आवाज चढतो-उतरतो, चढतो-उतरतो, तर बहुतेक वेळा पायलटची वाट अर्धवट बंद आहे किंवा गॅस्केटमधून जादा हवा शिरते आहे. मंद नीट चालतं पण भार आला की दबतं, तर मेन जेटकडे बोट जातं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि चोक पाहा. चार स्ट्रोकच्या इंजिनाचा निळसर धूर म्हणजे तेल जळतं आहे, तिथे कार्बोरेटरचा दोष नाही.

ओल्या सरपणाचा धडा

आता सुरुवातीच्या डोंगराकडे वळू. धुरावरून अग्नीचं अनुमान निर्दोष आहे. उलट वाक्य, जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र खोटं आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग चुलीवर धूर का दिसतो? नैयायिकांचं उत्तर फार सुंदर आहे : सरपण ओलं असतं म्हणून. अग्नीबरोबर ओल्या सरपणाचा संयोग झाला तरच धूर होतो. ही लपलेली जादा अट, तिला ते उपाधी म्हणतात. उपाधी ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष फसतो.

आपल्या इंजिनाचंही तसंच आहे. कोणी म्हणेल, नवा कार्बोरेटर काही शे रुपयांत मिळतो, धुण्यात दुपार कशाला घालवायची? प्रश्न व्यवहारी आहे. भाग झिजला असेल, माप बिघडलं असेल तर जरूर बदला. पण पेट्रोल सहा महिने वाटीत पडून राहत असेल, टाकीत पाणी असेल, फिल्टर फाटका असेल, तर नवा कार्बोरेटरही पुढच्या हंगामात तसाच चोंदेल. ‘जुना आहे म्हणून चोंदला’ हे कारण नव्हतं. उपाधी वेगळीच होती, आणि आपल्या बाबतीत ती बरेचदा अक्षरशः ओलं इंधनच असते!

म्हणून सफाई तेव्हा पूर्ण झाली असं समजावं, जेव्हा ‘तो का चोंदला होता’ याचं उत्तर आपल्याकडे आहे. बाटलीतलं ते पेट्रोल याच प्रश्नासाठी राखून ठेवलं होतं. पाणी मिळालं असेल तर टाकी सुकवा आणि झाकण तपासा. गंज मिळाला तर टाकी साफ करा, कॉकनंतर नळीत छोटा फिल्टर घाला. वार्निश मिळालं तर सवय बदला : हंगाम संपला की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पेट्रोल महिनाभर पुरेल इतकंच आणा, घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात ठेवा, पाण्याच्या बाटलीत नको.

महामार्गावरच्या गॅरेजमधला चांगला मिस्तरी न्यायशास्त्राचा एक शब्दही न वापरता हेच करतो. तो आधी झाकण सैल करतो, प्लगचा रंग पाहतो, बोटाला पेट्रोल लावून वास घेतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि मग पाना मागतो. त्याच्याकडे व्याप्ती आहे, उपाधीची जाण आहे, फक्त नावं नाहीत. आमच्यासारख्यांकडे आयुष्यभर नावं असतात. दोन्ही एकत्र आली तर बांधीवरच्या माणसांचा एक दिवस वाचतो, आणि तर्कशास्त्रालाही कामाला लागल्याचं समाधान मिळतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. विचारताना एवढं जरूर सांगा : इंजिन कोणतं, किती दिवस बंद होतं, आणि प्लग ओला होता की कोरडा.